दुपारचे आकडे

त्या उन्हाळ्यात मी माणसांशी कमी आणि एका जुन्या कॉम्प्युटरशी जास्त बोलत होते. आणि दोघांशीही बोलणं म्हणजे ओरडणंच होतं.

कॉम्प्युटर आमच्या कोचिंगच्या लॅबमधून निघालेला. इंदूरला भंवरकुआंजवळच्या एका कोचिंग क्लासमध्ये मी नोकरी करत होते. टेस्टचे निकाल, रँक, टाइमटेबल हे सगळं ज्या सॉफ्टवेअरवर चालायचं ते मीच लिहिलेलं आणि मीच सांभाळायचे. लॅबमध्ये नवी मशीन आली तेव्हा जुन्यातलं एक मी घरी आणलं, बैठकीत खिडकीपाशी ठेवलं आणि त्यावर एक वेगळीच ऑपरेटिंग सिस्टिम घातली. ही सिस्टिम कुठली कंपनी बनवत नाही. देशोदेशींचे हौशी लोक फावल्या वेळात बनवतात. तिचं नाव सांगितलं तर कॉम्प्युटरवाले लोकसुद्धा "कोणती?" म्हणून पुन्हा विचारतात. पण जुन्या मशीनवर ती इतकी हलकी चालते की नव्या मशीनवाल्यांनी हेवा करावा. तिच्यातल्या बारीकसारीक चुका दुरुस्त करून पाठवायचं काम मी काही वर्षं करत होते. कुणाला गाण्याचा नाद असतो, कुणाला बागेचा, मला हा होता.

त्या वर्षी हा नाद पोटापाण्याशी येऊन भिडला. मालकांनी एक दिवस केबिनमध्ये बोलावून गोड आवाजात सांगितलं की पुढच्या सत्रापासून सगळं तयार अ‍ॅपवर जाणार आहे. म्हणजे हे सत्र संपलं की माझंही संपलं. दादाला कळवलं तर त्याने पुण्यात ओळखीपाळखीने माझ्यासाठी नोकरी शोधूनसुद्धा ठेवली. पगार चांगला, ऑफिस त्याच्या घराजवळ. महिनाअखेर हो की नाही ते सांगायचं होतं. "आईला घेऊन ये, एक खोली रिकामीच आहे," असं तो म्हणाला. आई सत्तरीच्या पुढची, गुडघे धरलेले, बीपी वर-खाली. मी गेले तर तिला एकटीला इथे सोडणं शक्य नव्हतं. म्हणजे माझं पुण्याला जाणं म्हणजे तिचंही जाणं होतं.

आणि तिला पुणं नको होतं. तसं तिने एकदाच सांगितलं, पण स्पष्ट सांगितलं. आमचे पूर्वज संस्थानच्या फौजेबरोबर इकडे आले, म्हणजे पिढ्यान् पिढ्या मुलूख हाच. तिची भिशी इथे, भजनाच्या बायका इथे, कृष्णपुऱ्याच्या बाजारातले दुकानदार तिला "माताजी" म्हणून स्टूल पुढे करतात. पुण्यात दादाकडे ती महिनाभर राहून आली होती तेव्हा खालच्या मजल्यावरच्या बाई तिला म्हणाल्या होत्या, "तुमची मराठी किती गंमतीशीर आहे हो, अगदी हिंदीसारखी!" त्यानंतर आई तिथे बोलेनाशीच झाली. परत आल्यावर मला म्हणाली, "तिथे तोंड उघडायला पण मला शरम वाटते. मी कशी राहू सांग." मी तेव्हाच ठरवलं की तिला तिथे न्यायचं नाही.

नेमक्या त्याच दिवसांत सिस्टिमच्या मंडळींनी जाहीर केलं की जमलेल्या देणग्यांमधून एका माणसाला वर्षभर पगार देऊन कामावर ठेवता येईल. काम घरूनच करायचं. मी अर्ज केला. शेवटी आम्ही दोघेच उरलो, मी आणि कुठल्यातरी दुसऱ्या देशातला एक मुलगा. दोघांना एकेक काम परीक्षा म्हणून दिलं. माझ्या वाट्याला आलं ते असं: कॉम्प्युटरचा वेग मोजायच्या चाचण्यांचा एक मोठा संच आहे, तो लिनक्स या दुसऱ्या, नावाजलेल्या सिस्टिमसाठी लिहिलेला आहे, तो आमच्या सिस्टिमवर चालता करायचा. आमचे लोक वर्षानुवर्षं सांगत होते की आमची सिस्टिम चपळ आहे, पण मोजून दाखवायला हातात काही नव्हतं. आपला तो बाब्या म्हणून किती दिवस चालणार?

माझं काम तपासणीला ज्यांच्याकडे होतं ते या सिस्टिमच्या जुन्या लोकांपैकी एक. थंड मुलखात राहणारे, निवृत्त. त्यांना मी कधी पाहिलं नाही, फक्त त्यांच्या मेल वाचल्या. दोन ओळींच्या वर ते लिहीत नसत. त्यांची अट सुरुवातीलाच आली होती. संच खऱ्या मशीनवर चालला पाहिजे आणि लागोपाठ तीन वेळा चालवला तर तिन्ही वेळा आकडे जवळपास सारखे आले पाहिजेत. आज एक आणि उद्या भलतंच असं झालं तर तुमच्या कामाला अर्थ नाही.

पहिले काही आठवडे मला मजाच वाटली. तो संच म्हणजे परक्या घरी आलेल्या हट्टी पाहुण्यासारखा होता. प्रोसेसर कोणता आहे ते विचारायला तो एका ठरावीक फोल्डरमध्ये डोकवायचा, आमच्याकडे ते फोल्डरच नाही. वेळ विचारायची त्याची पद्धत वेगळी, आमच्या घड्याळाची वेगळी. मी एकेक गोष्ट त्याला समजावत गेले. फाइली दाबून लहान करणं, आकड्यांच्या राशी क्रमाने लावणं, स्क्रीनवर खिडक्या काढणं, चित्रं रंगवणं, अशा चाचण्या एकामागून एक उभ्या राहिल्या.

पहिले निकाल आले ते डोळे दिपवणारे. चित्रं काढण्याच्या चाचणीत आमची सिस्टिम लिनक्सच्या कितीतरी पुढे. मी हुरळून लगेच पाठवून दिले. उत्तर आलं, "हे चित्र काढणं नाही. हे नुसतं चित्राची ऑर्डर देणं आहे." मी चिडले, मग बघितलं, मग गप्प झाले. आमच्या सिस्टिममध्ये प्रोग्राम चित्र काढायला सांगून मोकळा होतो, प्रत्यक्ष काढणारा कारागीर पलीकडे वेगळाच असतो. माझं घड्याळ सांगून झाल्याक्षणी थांबत होतं. म्हणजे कचोरीच्या दुकानात टोकन हातात पडलं की पोट भरलं असं धरायचं! मी चूक दुरुस्त केली, आकडे जमिनीवर आले. पण त्या दिवसापासून त्या गृहस्थांचा माझ्यावरचा विश्वास उतरला हे त्यांच्या दोन ओळींमधूनही मला कळायचं.

आणि मग खरं संकट सुरू झालं. आकडे जुळेनात.

संपूर्ण संच चालायला जवळजवळ अख्खा दिवस लागायचा. म्हणून मी सकाळी ऑफिसला निघताना तो सुरू करायचे आणि संध्याकाळी येऊन निकाल बघायचे. सुरुवातीच्या चाचण्या झकास. मधल्या चाचण्या अशा रेंगाळलेल्या की एखाद्याने मशीनचे पाय बांधून ठेवलेत. शेवटच्या पुन्हा बऱ्या. दुसऱ्या दिवशी तसंच, पण अगदी तितकंच नाही. आधी मी मधल्या चाचण्यांचा कोड फाडून पुन्हा लिहिला. काही फरक नाही. मग मी चाचण्यांचा क्रमच बदलला, शेवटच्या मध्ये आणल्या आणि मधल्या शेवटी नेल्या. तर ज्या बऱ्या होत्या त्या रेंगाळल्या आणि जिथे घोडं अडत होतं त्या पळायला लागल्या. म्हणजे दोष चाचणीत नव्हता, दुपारच्या वेळेत होता. दुपारी माझ्या मशीनला काहीतरी होत होतं.

आमच्याकडे मे महिन्यात दुपार म्हणजे दुपार. मला पहिला संशय उन्हाचा आला. प्रोसेसर तापला की जळून जाऊ नये म्हणून आपणहून वेग कमी करतो. पण या सिस्टिमला माझ्या मशीनचं तापमान वाचता येत नव्हतं, ती सोय अजून कुणी लिहिलेली नव्हती. म्हणून मी रविवारी घरी बसून अख्खा संच चालवून पाहिला. रविवारी तर आदल्या दिवसापेक्षा जास्त ऊन होतं. आणि आकडे? सकाळ, दुपार, संध्याकाळ एकसारखे, सोन्यासारखे. मला आनंदही झाला नाही, इतकी मी चक्रावले. सोमवारी पुन्हा दुपारी तीच रड.

रविवारी बंद आणि इतर दिवशी चालू असं काय आहे, या प्रश्नावर माझं डोकं थेट कोपऱ्यावरच्या फॅब्रिकेशनवाल्यावर गेलं. त्याचं वेल्डिंगचं दुकान. वेल्डिंग सुरू झालं की व्होल्टेज पडतं हे सगळ्यांना माहीत. आणि त्याची सुट्टी रविवारची! सगळं असं फिट्ट बसलं की मी ऑफिसला जाताना गाडी तिथेच उभी केली.

"भिया, तुम्हारी वेल्डिंग से मेरा सारा काम चौपट हो रहा है," मी भर रस्त्यात ओरडले.

तो हातातला ब्रश घेऊन उभा राहिला. "दीदी, वेल्डिंग तो अपन कर ही नी रिये. महीने भर से खाली पेंट चल रिया है. और अपनी तो लाइन भी अलग है, वो देखो खंबा." मग माझा चेहरा बघून म्हणाला, "पानी पियोगे?"

मी पाणी प्यायले. चोर सोडून संन्याशाला फाशी देऊन वर त्याच्याच पाण्याने घसा ओला केला, आणि माफीसुद्धा धड मागितली नाही.

घरी माझं वागणं दिवसेंदिवस वाईट होत चाललं होतं. सुरुवातीलाच एकदा आईने ओल्या फडक्याने टेबल पुसताना मशीनचा स्विच बंद केला होता, तेव्हा मी एवढी ओरडले होते की शेजारच्या काकू विचारायला आल्या. तेव्हापासून घरात एक नियम होता: मशीनला हात लावायचा नाही. पुढे तर हात लावायचं कारणही लागेनासं झालं. भाजीत मीठ जास्त झालं म्हणून मी ओरडले. फोनवर ती मोठ्याने बोलते म्हणून ओरडले. ती "काय झालं गं, चालून राहिलं का तुझं?" असं विचारायची तर "तुला काय कळणार आहे त्यातलं!" असं म्हणायचे. एरवी आमचं असं नव्हतं. पण महिनाअखेर जवळ येत होती, पुण्याच्या ऑफिसातून विचारणा आली होती आणि थंड मुलखातल्या गृहस्थांनी लिहिलं होतं, "दुसऱ्या उमेदवाराचं काम पूर्ण झालं आहे. तुमचे आकडे शनिवारपर्यंत."

गुरुवारी दुपारी भंवरकुआं चौकात कुठल्याशा परीक्षेवरून मुलांनी धरणं धरलं. पोलीस आले, रस्ता बंद झाला, मालकांनी शटर खाली ओढायला लावून सगळ्यांना घरी पाठवलं. मी गल्लीबोळांतून गाडी काढत भर उन्हात घरी पोचले आणि स्वतःच्या चावीने दार उघडलं.

आई आतल्या खोलीत झोपली होती. बैठकीतला कूलर घरघरत होता. आणि माझ्या कॉम्प्युटरच्या डब्यावर एक कव्हर होतं.

साधं कव्हर नव्हतं. जुन्या रजईच्या कापडाचं, आत कापूस तसाच, अगदी मापात शिवलेलं. चारी बाजूंनी तळापर्यंत आलेलं, कडेला लाल पट्टी आणि मागच्या बाजूला नाड्यांच्या छान गाठी मारलेल्या. आमच्या घरात टीव्हीला कव्हर आहे, मिक्सरला आहे, शिलाई मशीनला आहे, गॅसच्या सिलिंडरलासुद्धा झालर लावलेलं आहे. या सगळ्या कव्हरांच्या मधून मी रोज ये-जा करते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. कव्हराच्या आतून पंख्याचा आवाज येत होता, जीव तोडून फिरत होता बिचारा. मी नाड्या सोडल्या आणि डब्याला हात लावला तर हात मागेच घ्यावा लागला.

"आई!"

ती दचकून उठली आणि भिंतीचा आधार घेत बाहेर आली. "काय झालं? इतक्या लौकर कशी आली तू?"

"हे काय आहे?"

तिने माझ्या हातातल्या कव्हराकडे पाहिलं. "कव्हर आहे. मी शिवलं."

"कधीपासून घालतेस?"

"समोरची सडक खोदली ना, तेव्हापासून. कूलर सगळी धूळ आत ओढून घेतो. फक्त दुपारी घालते, माझी झोप होते तेवढं. चहाला उठली की काढून टाकते."

"रविवारी का नाही घातलंस?"

"रविवारी तू घरी असते ना."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू हात नको लावू म्हणाली होतीस. सांगितलं असतं तर ओरडली असती." मग घाईने म्हणाली, "पण मी हात नाही लावला गं. वरून फक्त घालून दिलं. स्विचला तर टच पण नाही केलं."

"आई, हे तापतं असं झाकल्यावर! गुदमरतं! महिनाभर मी डोकं फोडून घेतेय, कोड फाडतेय, लोकांशी भांडतेय, आणि तू..."

"मला काय माहीत? मला वाटलं, धूळ गेली तर खराब होईल. तूच म्हणाली होतीस ना, हे नीट चाललं तर आपल्याला इथून जावं लागणार नाही. मतलब मी त्याला सांभाळूनच राहिली होती."

इथे शहाण्या माणसाने थांबायला हवं होतं. मी म्हणाले, "तुझ्यामुळेच जावं लागणार आहे पुण्याला. आता बस तिथे."

आईने कव्हर माझ्या हातातून घेतलं, घडी केली आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. चहा झाल्यावर कप माझ्याजवळ आणून ठेवला आणि स्वतःचा कप घेऊन स्वयंपाकघरातच बसली.

माझ्याकडे फक्त एक रविवारचा चांगला निकाल होता. शनिवारपर्यंत लागोपाठ तीन होणं शक्यच नव्हतं. मधल्या वाईट आकड्यांवर पांघरूण घालून नुसते चांगले तुकडे जोडून पाठवावेत असा विचार मनात आला नाही असं नाही. पण टोकन आणि कचोरीची गोष्ट त्या गृहस्थांच्या चांगली लक्षात होती, मी पुन्हा पकडली गेले असते. शेवटी होतं तसं लिहिलं. माझ्या आईने धुळीपासून वाचवायला मशीनला रजई घातली होती, दुपारचे आकडे त्यामुळे पडले, मला ते आज कळलं, मला मुदत हवी आहे. पाठवल्यावर मला इतकी लाज वाटली की मी मेलबॉक्स बंद करून ठेवला. आईचा विषय असा परदेशी माणसापुढे मांडणंही नको वाटत होतं.

सकाळी उत्तर आलेलं होतं. पहिल्यांदाच दोन ओळींपेक्षा जास्त. "सोमवारपर्यंत थांबतो. तीन दिवस रजईशिवाय चालवा. चौथ्या दिवशी मुद्दाम रजई घालून चालवा. तुमचं म्हणणं खरं असेल तर तेव्हाही आकडे अंदाजाप्रमाणेच पडले पाहिजेत."

शुक्रवारी मी रजा टाकली. सकाळी संच सुरू केला आणि मशीनसमोर खुर्ची ओढून बसले. आता धूळ, ऊन, वीज, काहीही आडवं आलं तर तीन दिवस वाया जाणार होते. आईने सकाळपासून बैठकीत पाऊल ठेवलं नव्हतं. जेवायला वाढलं तेही न बोलता. जेवण झाल्यावर ती आली आणि मशीनपासून शक्य तेवढी लांब, दाराजवळच्या स्टुलावर बसली.

मग ती म्हणाली, "मी दादाला हो सांगून दिलं."

"कशाला हो?"

"पुण्याला यायला. गेल्या हप्त्यातच सांगितलं. तो म्हणाला, खोली रंगवून घेतो."

मी स्क्रीनवरची नजर काढली. "गेल्या आठवड्यात? म्हणजे या सगळ्याच्या आधी? का?"

"तुझी चिडचिड बघवत नव्हती."

"अगं, पण मी हे सगळं तुझ्यासाठीच करतेय ना! तुला तिथे जायचं नाही म्हणून!"

"माहीत आहे." ती शांतपणेच बोलत होती, ते मला जास्त लागलं. "माझ्यासाठी इथे राहायचं म्हणते, आणि त्याच्यासाठी सकाळ-संध्याकाळ माझ्यावरच ओरडते. मी तुला घाबरून राहिली आहे घरात. तू आली की बघते, आज हिचा चेहरा कसा आहे. असलं इंदूर घेऊन मी काय करू? त्यापेक्षा तिथे गप्प बसून राहीन. तिथल्या बाया हसतात, हसू दे. त्या माझ्या पोटच्या नाहीत."

काहीतरी उलट बोलायची सवय अशी की शब्द जिभेवर येऊनही गेले, पण बोलले नाही. शेवटी विचारलं ते भलतंच. "जायचं ठरवलंच होतंस, तर मग रोज कव्हर कशाला घालत होतीस?"

ती माझ्याकडे अशी पाहायला लागली की जणू मी अगदीच वेड्यासारखं काही विचारलं होतं. "तुझं काम आहे ना ते. माझं जाणं वेगळं, तुझं काम वेगळं."

मी रडले. स्क्रीनवर चाचण्यांच्या ओळी सरकत होत्या आणि मी त्यांच्यासमोर बसून तोंड झाकून रडले. आई उठून जवळ आली नाही. ती स्टुलावरच बसून होती, आणि ते बरोबरच होतं.

त्या दिवसाचे आकडे संध्याकाळी आधीच्या रविवारच्या आकड्यांशी जुळले. शनिवारचे जुळले. या रविवारचेही जुळले. सोमवारी रजई घालायची होती. मी आईला म्हणाले, "आज तू घाल ना, तुझ्यासारखी गाठ मला येत नाही." ती म्हणाली, "आता नाही लावत मी हात." मग मीच कव्हर घातलं, मीच नाड्या बांधल्या. ती पेपर वाचत राहिली, तिने मान वर केली नाही. दुपारी आकडे पडले, जसे पडायला हवे होते तसे, तेवढेच. ते पडताना बघून मला समाधान वाटायला हवं होतं, पण त्या कव्हराखाली तो पंखा तडफडताना ऐकवेना. संच संपला तसं मी ते लगेच काढून टाकलं.

गृहस्थांचं उत्तर पुन्हा दोन ओळींवर आलं होतं. "आता यांना आकडे म्हणता येईल. काम स्वीकारलं."

वर्षभराच्या कामाचं पत्र त्यानंतर काही दिवसांनी आलं, पुण्याच्या ऑफिसची मुदत संपायच्या जरासं आधी. मी ते स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून मोठ्याने वाचलं. आई कणीक मळत होती. "चांगलं झालं," ती म्हणाली. "मतलब आता तू इथेच."

"आपण दोघी इथेच," मी म्हणाले.

तिने त्यावर हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. हात धुतले, पदराला पुसले. मला अचानक जाणवलं की ज्यासाठी मी हा सगळा आटापिटा केला ते अजून माझ्या हातात आलेलंच नाही. पत्र आलं होतं, नोकरी मिळाली होती, पण आई राहते की जाते हे त्या पत्रात कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्या क्षणी मी जेवढी घाबरले तेवढी शनिवारच्या मुदतीला घाबरले नव्हते.

मी दादाला फोन लावला आणि आईला ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला. माझी बातमी ऐकून त्याने मनापासून अभिनंदन केलं. मग म्हणाला, "पण आईचं तर यायचं ठरलं होतं. खोलीला रंग देऊन झाला. पलंगसुद्धा सांगितलाय." त्याच्याही आवाजात निराशा होती आणि ती खोटी नव्हती. "आईला विचार ना, तिला काय करायचंय?"

मी तिला विचारलं नाही. माझी छातीच झाली नाही. मी फोन तिच्यापुढे धरला.

आईने तो दोन्ही हातांनी घेतला आणि तोंडाजवळ नेला, लांबच्या गावाला ओरडून सांगायचं असल्यासारखा. पलीकडून दादा "हॅलो, हॅलो" करत होता.

"ऐक," ती म्हणाली. "पलंग राहू दे तिथेच, परत नको करू. मी सध्या इथेच आहे. पण ही परत माझ्यावर ओरडली ना, तर मी तुला फोन करीन. तेव्हा लगेच माझं तिकीट काढ."

दादा खो खो हसायला लागला. मलाही हसू फुटलं, इतक्या दिवसांचं साठलेलं.

आई हसली नाही. तिने फोन माझ्या हातात परत दिला आणि माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, "मी खरं सांगून राहिली."